पाटखारच्या खांडीचा पाठपुरावा

१ मे, गुरुवार. सकाळ.

महाराष्ट्र दिन. टीव्हीवर संचलन चालू असताना मी उभा राहिलो. सुमती म्हणाली, उभेच आहात तर दुधाकडे बघा, उतू जाईल. आमच्या सौभाग्यवतींना राज्याचं काही पडलेलं नाही.

रिटायर होऊन वर्ष होत आलं. आजपासून रोजनिशी. सकाळी रोडपाली तलावाला फेरी, चहा निम्मा, आणि ‘शासन आणि मी’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण दिवाळीच्या आत. एकतीस वर्षं मंत्रालयात काढली, ते ज्ञान असं फ्लॅटमध्ये पडून राहणं बरं नाही. काही लोक म्हणतात, घरत आवक शाखेत होता, शिक्के मारायचा. बरोबर आहे. पण या राज्यात काहीही घडायचं तर आधी ते आवक व्हावं लागतं. आवक नाही तर घटना नाही.

दुपार.

निकेशचा फोन. निकेश म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, काशिरामदादाचा मुलगा. कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. म्हणाला, अवसेच्या उधाणात गावचा बाहेरकाठा फुटला, खांड गेली. बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि आमची भातं यांच्यामधला मातीचा बांध, आजोबांच्याही आधीचा; खांड म्हणजे त्याला पडलेलं भगदाड. खांड किती मोठी, विचारलं. मोटरसायकल जाईल एवढी, म्हणाला. रविवारी गाव जोळ काढतोय, काका तुमी पन या.

जोळ! म्हणजे घरटी एक माणूस, फावडी, घमेली, चिखल आणि पेंढा. अजून हेच चाललंय. मी नक्की जाणार. थांबवायला.

४ मे, रविवार.

पाटखारला जाऊन आलो. गव्हाणच्या पुढं वळलं की आमचं गाव. आता टॉवरच्या मागं लपलंय. बहुतेकांच्या जमिनी प्रकल्पात नाहीतर बिल्डरकडे गेल्या. खारीत, म्हणजे बांधाच्या आतल्या जमिनीत, सात-आठ घरांचीच भातं उरलीत, त्यात दादाचं शेत सगळ्यात मोठं. दादानं विकलं नाही. तो रता पिकवतो, लाल तांदूळ, जो खाऱ्या मातीतच चांगला येतो. बी घरचं, बाबांच्या हातून आलेलं. बाजारात हे बी मिळत नाही.

काठावर सगळं गाव. ज्यांची जमीन केव्हाच गेली तेसुद्धा आलेले. जोळीला नाही म्हणायची पद्धत नाही. बायकांनी पेंढ्याचे भारे आणून टाकलेले, दोघं तर कमरेएवढ्या पाण्यात उतरलेले. गावातला जुना जाणता मालूकाका काठीनं जागा दाखवत होता. संध्याकाळपर्यंत बुजलीच असती.

वेळेवर पोचलो म्हणून बरं. बांधावर उभं राहून समजावलं, शुद्ध भाषेत. बांध राखणं हे शासनाचं काम. आज तुम्ही चिखल टाकलात की उद्या साहेब येऊन विचारणार, कुठाय खांड? पुरावाच नाही. मग पंचनामा नाही, भरपाई नाही, पक्का बांध नाही. जन्मभर पेंढा टाकत बसा. ‘पक्का बांध’ म्हटल्यावर हात थांबले. मालूकाका म्हणाला, बुदाजी, पुनवेला उधान हाय, त्याच्या आदी बुजवून टाकू, मंग तुजा कागूद कर. मी म्हणालो, काका, तसं होत नाही, शासनाची एक पद्धत असते.

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, तो मंत्रालयात व्हता. तो सांगतंय तं आयकू.

चारचौघांत दादा माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलला. फार बरं वाटलं. गाडीत परत येताना दोनदा डोळे पुसले.

निघण्याआधी खांडीच्या दोन्ही अंगांना बांबू रोवून लाल रिबीन बांधली आणि बोर्ड लावला: ‘पंचनामा होईपर्यंत कोणीही हात लावू नये. आदेशावरून.’ आदेश कोणाचा ते लिहिलं नाही. शासनात लिहीत नाहीत.

५ मे, सोमवार.

तलाव: उद्यापासून. आज राज्याचा तक्ता काढला. वर राज्यपाल, मग मंत्रिमंडळ, मुख्य सचिव, खात्यांचे सचिव, सहसचिव, उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी. दुसऱ्या रांगेत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी. तिथं कागद संपला, म्हणून आणखी एक जोडून त्यावर बांध काढला. फ्रिजवर लावलं. बांध भाजीच्या कप्प्यापाशी आला.

सुमतीनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, यातला पाण्यात कोण उतरणार? हसावं की रडावं.

अर्ज पाठवला. मूळ प्रत बांध खात्याला. ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून महसूल, महापालिका, नवं शहर वसवणारं महामंडळ, मत्स्य खातं, जंगल खातं. जंगल खात्याला कशाला, सुमतीनं विचारलं. म्हटलं, प्रत सगळ्यांना द्यायची असते, ज्याला दिली नाही तो रुसतो. बी. के. घरत, मंत्रालय (सेवानिवृत्त), अशी सही केली. ‘मंत्रालय’ जरा मोठं आलं.

१३ मे, मंगळवार.

पुनवेचं उधाण येऊन गेलं. निकेशनं व्हिडिओ पाठवला. खांड आता टेम्पो जाईल एवढी. पाणी आतल्या दोन शेतांत शिरलं, दादाच्या शेताच्या कडेपर्यंत.

प्रथम वाईट वाटलं. मग शांतपणे विचार केला. मोटरसायकलएवढ्या खांडीसाठी फार तर शाखा अभियंता येतो. टेम्पोएवढ्या खांडीला कार्यकारी अभियंत्याला यावंच लागेल. म्हणजे आपलं प्रकरण एक पायरी वर चढलं. निकेशला तसं कळवलं. त्यानं मेसेज बघितला, उत्तर दिलं नाही. यार्डात रेंज नसते.

१९ मे, सोमवार.

बांध खात्यात गेलो. कोमल मॅडम म्हणून शाखा अभियंता आहेत, माझ्या पुतणीच्या वयाच्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माझी पार्श्वभूमी सांगितली. त्या म्हणाल्या, काका, पाटखारचा बांध आमच्या यादीत नाही, तो खाजगी बांध धरलाय. मी म्हणालो, मग यादीत घ्या. त्या म्हणाल्या, प्रस्ताव जिल्ह्याकडून वर जातो, मंजुरी, मग अंदाजपत्रक, मग टेंडर; पावसाळ्यानंतरच. मी मान डोलावली. अगदी बरोबर क्रम आहे.

जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, लहान होती तेव्हाच गावानं बुजवून टाकली असती तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं, काका. अजूनही बघा, दोन पोकलेन लावून होईल.

हुशार मुलगी, पण असं बोलणं बरं नाही. अधिकाऱ्यानंच असं म्हटलं तर लोक शासनाकडे येतील कशाला?

आवक क्रमांक मिळाला. स्वच्छ, गोल शिक्का. बघून समाधान वाटलं.

२८ मे, बुधवार.

यंदा पाऊस लवकर. काल अवस झाली. खांड आता एसटी जाईल एवढी.

दादाचा फोन. दादा सहसा फोन करत नाही. बोलला एवढंच, बुदा, बी भिजत घालू का? घरात वहिनी, म्हणजे कृष्णाबाई, मागून काहीतरी सांगत होत्या. मी म्हणालो, आठवडाभर थांब, प्रस्ताव जिल्ह्याकडे गेलाय. दादा म्हणाला, पाऊस थांबल का? मी म्हणालो, मी फॉलोअप घेतो.

पावसाचा फॉलोअप घेता येत नाही हे मलाही कळतं. बोलण्याच्या ओघात गेलं.

१ जून, रविवार.

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

निकेशनं मला न विचारता पोकलेन आणला. यार्डातल्या मित्राचा, सुट्टीच्या दिवशी. पाऊस उघडलाय, ओहोटी आहे, आज बुजवून घेऊ, असा त्यांचा बेत. मला मालूकाकाच्या नातवानं कळवलं म्हणून धावत गेलो. विरोध करायला नाही. देखरेख असावी म्हणून.

पोकलेननं दोन-तीन बकेट माती टाकली असेल, एवढ्यात जंगल खात्याचा वनरक्षक मोटरसायकलवर आला. म्हणाला, बंद करा. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आहेत, मशीन चालवलं तर ती मोडतात, गुन्हा दाखल होईल, मशीन जप्त होईल. पोकलेनवाल्यानं लगेच चावी काढली. निकेशनं वनरक्षकाला विचारलं, तुमाला सांगितला कोनी? वनरक्षकानं बॅगेतून कागद काढला. या पत्रावरून, म्हणाला. लक्ष ठेवायचा आदेश आहे.

माझं पत्र! ‘प्रत माहितीसाठी’ची प्रत. तिच्यावर आवक शिक्का, खाली साहेबाची टिपणी, ‘पाहावे व अहवाल द्यावा’. सहा खात्यांपैकी एकानं तरी दखल घेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, बघा, म्हणजे पत्र पोचलं.

निकेश माझ्याकडे बघत राहिला. त्याला लहानपणी मी खांद्यावर घेऊन खाडीवर फिरवलंय. असा बघेल असं वाटलं नव्हतं. दादानं जवळ येऊन विचारलं, बुदा, तुजाच कागूद हाय नं? मी हो म्हणालो. बरा, म्हणाला, आणि घराकडे चालू लागला. पोकलेन ट्रेलरवर चढवायला फार वेळ लागला. सगळे तिथंच उभे होते, म्हणून मीही उभा राहिलो.

वनरक्षकाचं वागणं मात्र अत्यंत नियमाला धरून होतं.

१६ जून, सोमवार.

लोकशाही दिन. अधिकारी स्वतः बसून जनतेची गाऱ्हाणी ऐकतात. गेलो. टेबलावरच्या मुलानं विचारलं, अर्ज पंधरा दिवस आधी दिला होता का, विहित नमुन्यात? दिला नव्हता. नियम माझ्याच काळातला आहे, मीच असे कित्येक लोक परत पाठवलेत. त्याला म्हणालो, शाबास.

बाहेर टपरीवर दोन चहा घेतले.

२६ जून, गुरुवार.

उधाण आणि पाऊस एकदम. सगळी खार पाण्याखाली. निकेशनं आता व्हिडिओ पाठवणं बंद केलंय, मी स्वतः जाऊन बघितलं. दादाचं शेत कुठं संपतं आणि खाडी कुठं सुरू होते ते कळत नाही. पाणी दिसायला छान, सपाट, वर बगळे. जाणकार सांगतात, एकदा खारं पाणी मुरलं की तीन वर्षं भात नाही.

माझा बोर्ड वाहून गेलेला. मालूकाकाच्या अंगणात सापडला, त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावलाय. अक्षरं आतल्या बाजूला.

दादाच्या घरी गेलो. वहिनी कणग्यातलं रत्याचं बी उन्हात... नाही, ऊन कुठलं, चुलीजवळ सुकवत होत्या. पेरायला काढलेलं परत आत घालायचं म्हणून. मी म्हणालो, वहिनी, काळजी करू नका, पुढच्या वर्षी पक्क्या बांधाच्या आत पेरू. वहिनी म्हणाल्या, बी वरीसभर ऱ्हातंय भाऊजी, दोन पावसालं नाय ऱ्हात. मग कणग्याचं तोंड शेणानं लिंपलं आणि हात धुऊन माझ्यासाठी चहा ठेवला. दादा आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. पाठ दुखत असेल.

पुढच्या जूनच्या आत हे प्रकरण संपवायचंच. शपथ.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

मोठी बातमी! तक्रार पोर्टलवर स्टेटस बदललं. इतके दिवस ‘प्रक्रियेत’ होतं, आज ‘निकाली’. मी सुमतीला हाक मारली, पेढे आणायला निघालो. ती म्हणाली, आधी आत काय लिहिलंय ते उघडा.

आत लिहिलं होतं: ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही. अर्जदारास तसे कळविण्यात येऊन तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ खाली विचारलं होतं, आपण सेवेबाबत किती समाधानी आहात, तारे द्या.

निकाल लागला हे खरं आहे. निकाल आपल्या बाजूनं लागेल असं कुठंच म्हटलेलं नाही. चार तारे दिले. एक राखून ठेवला, म्हणजे त्यांना सुधारायला वाव राहील.

अपील टाकलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

दसरा. दरवर्षी वहिनी दारावर बांधायला रत्याच्या लोंब्या पाठवतात, झेंडूत गुंफून तोरण. आमच्या मजल्यावरचे लोक हात लावून बघतात, खरं भात आहे का म्हणून. यंदा कळंबोलीच्या बाजारातून नुसता झेंडू आणला. लिफ्टमधल्या शेजारणीनं विचारलं, या वेळी भात नाही? मी म्हणालो, प्रक्रियेत आहे.

पुस्तक: प्रकरण पहिलं, ‘शासन म्हणजे काय’. एक ओळ लिहिली. खोडली.

९ नोव्हेंबर, रविवार.

दिवाळीला पाटखारला गेलो नव्हतो, आज गेलो. दादा घरी नव्हता. उलव्याच्या एका कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन लागलाय, दिवसपाळी. परत येताना वाटेतच गेट होतं, गाडी थांबवली. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, टोपी. दादाला युनिफॉर्म शोभत होता, तसं त्याला म्हटलंही. दादानं गाडीचा नंबर वहीत लिहिला, कुणाकडे जायचं, विचारलं. मी म्हणालो, दादा, मी बुधा. दादा म्हणाला, सगल्यांचा लिवावा लागतो.

मग गेट उघडलं. मला आत जायचं नव्हतं, पण गेट उघडलं म्हणून आत जाऊन वळून आलो.

त्याआधी वहिनींच्या घरी जेवलो तो भात बाजारचा, पांढरा कोलम. घरचा दिवाळीलाच संपला म्हणाल्या. भात चांगला शिजला होता.

सुमतीला दादाचं सांगितलं. ती भांडी घासत होती. एकदम म्हणाली, तुम्हाला त्या जोळीच्या दिवशी पाटखारला मी जाऊच द्यायला नको होतं. आणि नळ मोठा सोडला. बायकांना प्रशासनातला विलंब समजत नाही. दार लावून पडून राहिलो. झोप आली नाही.

२६ जानेवारी, सोमवार.

प्रजासत्ताक दिन. नवीन वर्षाचे संकल्प तेच, नव्यानं. झेंडावंदन करून पाटखारला. दादाच्या शेतात हिरवं दिसलं. वाटलं, मीठ उतरलं, काहीतरी उगवलं!

जवळ गेलो. तिवरं. बोटाएवढी रोपं, खाडीबरोबर आलेल्या शेंगा रुजलेल्या, सगळ्या शेतभर. मालूकाका बांधावर बसून बघत होता. म्हणाला, आता ही उपटलीव तं तुलाच धरतील. मी सांगितलं की कायदा पर्यावरणासाठी आहे आणि तो चांगलाच आहे. मालूकाका म्हणाला, मी कवा वाईट म्हनला?

२ मार्च, सोमवार.

आलं! पत्र आलं! स्पीड पोस्टानं. अपिलाची दखल घेऊन संयुक्त स्थळपाहणी पथक नेमलंय: बांध खातं, महसूल, जंगल खातं, महामंडळ. सगळी खाती एका गाडीत! माझ्या एकतीस वर्षांत असं एकदाही बघितलं नाही. तारीख: १६ एप्रिल. म्हणजे जूनच्या आधी. मी शपथ घेतली होती आणि ती पाळली.

पत्र फ्रिजवर तक्त्याच्या मधोमध लावलं. फ्रिज आता राज्यासारखा दिसतो.

१२ एप्रिल, रविवार.

वहिनींना फोन केला. साहेब लोक येणार, दुपारचं जेवण आपल्याकडेच ठेवू. साधंच, पण आपलं. कालवण वगैरे तुम्ही बघा, भात मात्र रत्याचाच करा. त्यांना चवीनं कळू दे या खारीत काय पिकत होतं. हजार पानांच्या अहवालात जे येत नाही ते एका घासात येतं. हे वाक्य पुस्तकात घ्यायचं.

वहिनी फोनवर गप्प झाल्या. रेंज गेली वाटलं. मग म्हणाल्या, रत्याचाच पायजे? मी म्हणालो, त्याशिवाय कसं? सरकार घरी येतंय. त्या म्हणाल्या, बरा. करतंव.

इस्त्रीला शर्ट दिला.

१६ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ.

पथक आलं. अकराची वेळ होती, दीडला आलं. दोन गाड्या. कोमल मॅडमही होत्या. त्यांनी मला नमस्कार केला आणि मग सारखं जमिनीकडे बघत होत्या. दादानं सुट्टी घेतली होती. धुतलेलं धोतर-सदरा घालून, टोपी हातात धरून उभा होता. निकेश आला नाही.

पाहणी बांधावरूनच झाली, चिखल होता म्हणून. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे शेत कधीपासून असं आहे? मी तारीखवार सांगितलं, सगळे आवक क्रमांक तोंडपाठ. साहेब म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. मग चारी खात्यांचं तिथंच एकमत झालं. शेतात कांदळवन आलेलं आहे. बांध दुरुस्त केला तर त्याचं पाणी तुटेल. सबब दुरुस्ती करता येत नाही. क्षेत्र संरक्षित करावं. एवढ्या लवकर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बोर्ड त्यांनी सोबतच आणला होता, सिमेंट, खांब, माणसांसकट. ‘कांदळवन क्षेत्र. प्रवेश करू नये.’ जिथं माझा बोर्ड होता जवळजवळ तिथंच रोवला. दादानं त्या माणसांना पाणी दिलं.

मग जेवण. दादाच्या ओटीवर पंगत. कोलंबीचं कालवण, सुक्या मासळीची चटणी आणि रत्याचा भात, लाल, वाफाळलेला. घरभर वास. साहेब पहिल्याच घासाला थांबले, म्हणाले, हा कुठला तांदूळ? मी सांगितलं. कोमल मॅडम सोडून सगळ्यांनी परत घेतला. मीही. एकानं विचारलं, पाच-दहा किलो मिळेल का, पैसे देऊ. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, नाय हो, सरला. दादा वाढत होता. बस म्हटलं तर म्हणाला, मी मागून जेवतंय. साहेबांनी मोठा ढेकर दिला. आग्रह करून वाढणारी माणसं आता राहिली नाहीत, म्हणाले.

गाड्या गेल्या. ओटीवर मी, दादा, वहिनी. मला वाईट वाटत होतं, पण हरलो असं वाटत नव्हतं. मोठ्या कोर्टात जाता येतं, तिथून परवानगी आणता येते. मी तसं बोलूही लागलो. म्हणालो, जूनला अजून वेळ आहे, बी तर घरात आहेच.

वहिनी आत जाऊन टोप आणत होत्या, उंबऱ्यात थांबल्या. दादा भिंतीला टेकून बसला होता, त्याच्यापुढं पान नव्हतं. वहिनीच म्हणाल्या, रागानं नाही, दुकानातून काय आणलं ते सांगावं तशा.

भाऊजी, बियानंच गिरनीला नेला मी. आनखी कुठला आनू? तुमीच म्हनलाव, सरकार घरी येतंय.

मी मान वळवून कोपऱ्यात बघितलं. कणगा आडवा पाडून ठेवला होता. आत एक मांजर झोपलं होतं.

टोपाच्या तळाला दादापुरता भात राहिला होता, दोन मुठी असेल. वहिनींनी तो त्याला वाढला. दादानं मीठ मागितलं आणि खाली बघून जेवू लागला.

घरी आलो. सुमतीनं विचारलं, काय झालं? सांगता आलं नाही. फ्रिजवरचा तक्ता काढला, घडी करावी म्हणून, पण घडी जमेना.

मी दोनदा मागून घेतला होता.